कच्च्या टाक्याची होडी



स्मरणिका समितीने लेख मागताना मला एक अट घातली होती. आठवणींचे लेख ढिगाने आले आहेत, तू काहीतरी माहितीपूर्ण लिही. मी इंग्लंडमध्ये गेले दोन हिवाळे घराच्या गॅरेजमध्ये प्लायवूड आणि इपॉक्सीची एक छोटी शिडाची होडी बांधत होते. तिचे फोटो आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकले तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईला होडी कशी काय बांधता येते? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर माझ्या हुशारीपेक्षा इतिहासात जास्त सापडतं, आणि त्या इतिहासात शाळामास्तर, वर्तमानपत्र आणि शिवणकाम अशी आपल्या ओळखीची मंडळी आहेत. म्हणून हा लेख.

आपण खाडीकाठची मुलं. जेटीच्या बाजूला होडी बांधताना आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली आहे. आधी जमिनीवर तळाचा लांब कणा ठेवतात, पुढे नाळ उभी राहते, मग एकेक फासळी बसते आणि शेवटी त्या सांगाड्यावर फळ्या चढतात. बघायला सोपं वाटतं. पण होडीची एकही फळी सरळ नसते. ती मधे रुंद, टोकांना निमुळती, शिवाय बाकदार आणि पिळलेली असते. जाड फळी वाकवायची म्हणजे शेकून किंवा वाफवून नरम करायची. दोन फळ्यांच्या कडा इतक्या बेमालूम जुळवायच्या, की फटीत तेल-राळेचा कापूस ठासला की पाणी आत येता कामा नये. यातलं बरंचसं कागदावर नसायचं, ते मिस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात असायचं. पोरवयात हाताखाली लागलेला माणूस बऱ्याच वर्षांनी स्वतंत्र होडी बांधायचा. युरोपातही थोड्याफार फरकाने असंच चालायचं. नोकरदार माणसाने रविवारी बसून होडी बांधावी हे कोणाच्या मनात आलं तरी ते जमणारं नव्हतं.

हे बदललं ते आधी डिंकामुळे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर उभे-आडवे चिकटवून केलेला तक्ता म्हणजे प्लायवूड. तो हलका, मजबूत आणि मोठ्या आकारात मिळणारा. पण सुरुवातीचे डिंक हाडांचे, रक्ताचे किंवा दुधातल्या केसिनचे असत. ओल लागली की पापुद्रे सुटायचे. १९३४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स नेव्हिन या रसायनतज्ज्ञाने पूर्ण जलरोधक डिंक तयार केला आणि प्लायवूड पाण्यात टिकू लागलं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रॉयन यांच्या कंपनीने लाकडासाठी कृत्रिम रेझिनचा डिंक काढला. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमान आधी केसिनने आणि पुढे अशा कृत्रिम डिंकाने चिकटवलं गेलं. त्या विमानांची एक परीक्षा आपल्याकडेही झाली. १९४४ च्या अखेरीस भारतात असलेल्या काही मॉस्किटोंच्या पंखांचे चिकटवलेले जोड उकलले. विमानं जमिनीवर उभी करून चौकशी करावी लागली. चिकटवलेल्या लाकडावर जीव सोपवायचा तर जोड किती काळजीने करावा लागतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

युद्ध संपलं आणि हे प्लायवूड बाजारात आलं. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात लहान मुलांसाठी स्वस्त होडी हवी होती. क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याला सांगितलं गेलं, की बापलेकाला घरच्या घरी बांधता आली पाहिजे. प्लायवूडचा तक्ता तेव्हाही आपल्यासारखाच आठ बाय चार फुटांचा. मिल्सने तक्त्याचं माप धरूनच होडी आखली. नाळ टोकदार काढली तर लांबी वाढते, म्हणून त्याने पुढचा भाग सरळ कापून टाकला आणि पावणेआठ फुटांची, चौकोनी नाकाची ‘ऑप्टिमिस्ट’ तयार झाली. दिसायला ती पेटीसारखी आहे. पण आज भारतासकट जगभरातली मुलं शिडाच्या होडीचा पहिला धडा हिच्यातच गिरवतात.

इंग्लंडमध्ये याच काळात जॅक होल्ट हे नाव पुढे आलं. त्याने १९४७ मध्ये मुलांसाठी ‘कॅडेट’ आखली. १९५६ ची त्याची ‘एंटरप्राइज’ एका वर्तमानपत्राच्या पाठबळाने लोकांपुढे आली आणि पुढे भारतातल्या शर्यतींतही अनेक वर्षं धावली. या होड्या हौशी माणसाला बांधता याव्यात अशाच होत्या. तरीही एक अडचण उरलीच होती. प्लायवूडच्या दोन तक्त्यांच्या कडा जिथे मिळतात, तिथे आत एक लाकडी पट्टी लागायची. तिला दोन्ही बाजूंनी नेमका उतार देऊन रंधायची, त्यावर तक्ते चिकटवून स्क्रूने आवळायचे. होडीच्या लांबीभर तो उतार इंचाइंचाला बदलतो. सुतारकामाचा हात नसलेला माणूस तिथेच अडकायचा.

ही गाठ सोडवली एका शाळामास्तराने. केन लिटलडाइक हा इंग्लंडमधला सुतारकामाचा शिक्षक. त्याला छोट्या वल्हवायच्या होड्या सोप्या पद्धतीने बांधायच्या होत्या. त्याने कडेची पट्टीच काढून टाकली. प्लायवूडचे तुकडे मापात कापायचे, कडांना भोकं पाडायची आणि तुकडे एकमेकांना चक्क शिवायचे. मग शिवणीवर काचेच्या धाग्यांची फीत ठेवून रेझिनने भिजवायची. रेझिन वाळलं की जोड कडक होतो.

बॅरी बकनेल हा बीबीसीवर घरदुरुस्ती शिकवणारा लोकप्रिय माणूस. त्याने ही शिवणीची कल्पना उचलून एक छोटी होडी केली, जॅक होल्टने तिचं आरेखन सुधारलं, आणि ‘डेली मिरर’ हे कामगार वर्गात भरपूर खपणारं वर्तमानपत्र तिच्यामागे उभं राहिलं. १९६३ साली ‘मिरर’ होडी विक्रीला आली. पेपरच्या लाल रंगावरून तिची शिडंही लाल. लांबी ३.३ मीटर, वजन साधारण ४५ किलो, म्हणजे दोन माणसं उचलून मोटारीच्या टपावर ठेवतील इतकं. डोलकाठीचे दोन तुकडे केलेले, म्हणजे सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावाव्यात. कापलेले तुकडे, तांब्याची तार, फीत, रेझिन असा सगळा संच ६३ पौंड ११ शिलिंगांना मिळायचा. तोवर शिडाची होडी ही क्लबातल्या पैसेवाल्यांची गोष्ट समजली जायची. मिररने ती गिरणीकामगाराच्या आणि शिक्षकाच्या अंगणात आणली. पुढच्या काळात ७०,००० हून जास्त मिरर बांधल्या गेल्या. त्यातली एक इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या एका शाळेत पडून होती. ती घेऊन तिथलाच शिक्षक, ए. जे. मॅकिनन, नद्या-कालव्यांतून आणि इंग्लिश खाडी ओलांडून १२ देशांतून जात थेट काळ्या समुद्रापर्यंत पोहोचला. या इतिहासात शिक्षक वारंवार भेटतात, हे आपल्या सर-बाईंना नक्की आवडेल.

आता शिवणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या दृष्टीने गंमत तिथेच आहे.

आठवी-नववीचा कार्यानुभवाचा तास आठवतोय? घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. मुलगे पाठीमागच्या शेडमध्ये सुतारकामाला जायचे, तिथून करवतीचा आणि हातोडीचा आवाज यायचा. आम्ही मुली वरच्या खोलीत शिवणाला. ब्राउन पेपरवर माप टाकायचं, कापायचं, ते कापडावर ठेवून खडूने आखायचं, कच्चा टाका घालायचा, मग टीप मारायची. वर्षाच्या शेवटी एक झबलं. सुतारकाम म्हणजे खरं काम आणि शिवण म्हणजे घरचं काम, असा एक समज तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात होता, आमच्याही. असं का, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. सगळ्याच शाळांत तसंच चालत होतं.

गॅरेजमध्ये होडीचे नकाशे उलगडले तेव्हा मला दिसलं ते वरच्या खोलीतलं काम. नकाशात होडीचं चित्र एका कोपऱ्यात होतं. बाकी सगळे सपाट तुकडे: तळाचे दोन, बाजूंचे दोन, पुढची आणि मागची पाटी. प्रत्येक तुकड्याची माप-रेषा तक्त्यावर आखायची आणि कापायचा. हे म्हणजे ब्लाऊजचं कटिंग. सपाट कापडाच्या तुकड्यांना गोलाई कशी येते? कडा वेगवेगळ्या वळणाने कापलेल्या असतात, त्या एकमेकींना जुळवल्या की कापडाला फुगावंच लागतं. कटोरी ब्लाऊज शिवणारी कोणतीही बाई हे जाणते. होडीतही तेच. तळाचे दोन तुकडे मधल्या शिवणीला जोडून पुस्तकासारखे उघडले, की सपाट प्लायवूडमध्ये होडीचा पोटाळा आपोआप उभा राहतो. तो क्षण पाहण्यासारखा असतो.

फरक दोन. कापड उरेब ओढलं की ताणतं, प्लायवूड अजिबात ताणत नाही. ते एका वेळी एकाच दिशेने वाकतं, कागदासारखं. कागदाचं नळकांडं होतं, शंकूही होतो, पण चेंडूवर कागद चिकटवला की चुण्या पडतात. भूगोलाच्या तासाला सर संत्र्याची साल टेबलावर दाबून दाखवायचे, की गोल पृथ्वी सपाट नकाशावर फाटल्याशिवाय बसत नाही. तोच नियम उलट बाजूने. म्हणून प्लायवूडच्या होडीचा प्रत्येक भाग नळकांडं किंवा शंकू यांच्याच घराण्यातला ठेवावा लागतो, आणि हे गणित आरेखन करणाऱ्याने आधीच सोडवून ठेवलेलं असतं. दुसरा फरक असा, की शिवणात मार्जिन सोडतो, इथे सोडायचं नाही. कडेला कड भिडवायची.

टाके तांब्याच्या तारेचे. बाहेरून चिमट्याने पीळ देत गेलं की कडा जवळ येतात. सगळे टाके झाले तरी होडी थोडी हलती राहते, आणि ते बरंच असतं. एक टोक वर, एक खाली झालेलं दिसलं तर ढकलून सरळ करता येतं. त्या उन्हाळ्यात माझी आई आली होती. तिने सगळीकडे उभी राहिलेली तारेची टोकं पाहिली आणि म्हणाली, “अगं, हा तर कच्चा टाका! आता टीप कशाने मारणार?” मी म्हटलं, “इपॉक्सीने.” इंग्रजी पुस्तकांनी जे चार पानांत समजावलं होतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं. पहिल्या मिररमध्ये तारा बाहेरून कापून टाकत आणि बाकीच्या आतच फितीखाली राहत. आता बहुतेक जण जोड पक्का झाल्यावर तारा काढून घेतात, अगदी कच्चा दोरा उसवतात तशा.

टीप मारणाऱ्या या इपॉक्सीचा इतिहासही मजेशीर आहे. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पियेर कास्तां हा रसायनतज्ज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवं द्रव्य शोधत होता. त्यातून जे रेझिन निघालं त्याचे हक्क सीबा कंपनीने घेतले आणि १९४६ मध्ये ते ‘अरल्डाइट’ या नावाने लोकांपुढे आलं. तेच अरल्डाइट, जे आपल्या घरी फुटलेली बरणी जोडायला दोन ट्यूबमधून पिळून कालवायचे. पुढे सीबाने डी ब्रॉयन यांची डक्सफर्डची कंपनीही घेतली, म्हणजे विमानाचा डिंक आणि कवळीचा डिंक एकाच छपराखाली आले. मिररच्या पहिल्या संचात मात्र स्वस्त पॉलिएस्टर रेझिन असे. लाकडावर त्याची पकड कमी. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९६९ नंतर पातळ इपॉक्सीने लाकूड आतबाहेर मढवायची पद्धत रुळवली. ओल लाकडात शिरतच नाही, मग ते फुगत नाही, कुजत नाही. आज घरी होडी बांधणारे मुख्यतः याच वाटेने जातात.

काम करताना इपॉक्सीचे काही हट्ट असतात. माझ्या रेझिनला पाच भागांस एक भाग हार्डनर लागायचा, अंदाजपंचे चालत नाही. हिवाळ्यात गॅरेज गार पडलं की ते घट्ट होता होत नाही. उलट कालवलेलं सगळं पेल्यातच ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडतं, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओतायचं. कोपऱ्यात भरण्यासाठी त्यात बारीक लाकडाचा भुगा मिसळून ते चक्क्याइतकं घट्ट करतात आणि गोल टोकाच्या पट्टीने कोपऱ्यातून ओढतात. हातमोजे आणि घासताना मास्क हवाच, नाहीतर अंगावर उठू शकतं. त्यावर काचेची फीत, त्यावर पुन्हा रेझिन. दुसऱ्या दिवशी तो जोड शेजारच्या प्लायवूडहून मजबूत झालेला असतो. गेल्या जूनमध्ये माझी होडी तळ्यात उतरवली. ती नीट तरंगली आणि थेंबभरही गळली नाही.

हे सगळं विलायतेत घडलं असलं, तरी शिवलेली होडी आपल्या किनाऱ्याला नवी नाही. अरबी समुद्रातली जुनी गलबतं खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजं पाहून नाकं मुरडली होती, पण त्यांवरच शेकडो वर्षं व्यापार चालला. अजिंठ्याच्या चित्रातलं जहाज समोर ठेवून गोव्यात तसंच शिवलेलं जहाज पुन्हा बांधलं गेलं आणि २१ मे २०२५ ला कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं. तिथला टाका मात्र पक्का, जन्मभर फळ्या धरून ठेवणारा. गोव्यातच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकूड, काचकापड आणि रेझिन यांतून ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. तिची बहीण ‘तारिणी’ हिच्यातून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी आणि २०२४-२५ मध्ये दोघीच जणी जग फिरून आल्या.

या सोपेपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मिस्त्रीच्या हातातलं ज्ञान नकाशात आणि डिंकात गेलं म्हणून मला होडी बांधता आली. पण मी मिस्त्री झाले नाही. समोर नुसता ओंडका ठेवून “यातून होडी काढ” म्हटलं तर मला येणार नाही, ते त्यालाच येतं. साच्यातून निघणाऱ्या फायबरच्या होड्या आल्यावर इंग्लंडात घरी होडी बांधणारे कमी झाले आणि आपल्या खाडीवर लाकडी होडी बांधणारे. पूर्वी आपल्या जेटीवर महिनोन्महिने चालणारा तासणीचा आवाज मला गेल्या खेपेला ऐकू आला नाही.

म्हणूनच एक सुचवायचं आहे. दहावीला पंचवीस वर्षं झाली, शाळेला बॅचतर्फे काय द्यायचं यावर ग्रुपवर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर, वॉटर कूलर, स्टेजचा पडदा ही नावं आली आहेत. माझं मत एका कार्यशाळेला. आठ बाय चारच्या मरीन प्लायच्या दोन-तीन शीट, इपॉक्सी, तारेचं बंडल, चार करवती, हातमोजे आणि लाइफ जॅकेटं. नववीच्या मुलामुलींनी मिळून वर्षभरात एक छोटी होडी बांधायची. खाडीवर अजून जे जुने मिस्त्री आहेत, त्यांना मानधन देऊन आठवड्यातून एकदा बोलवायचं. भूमितीचे सर, शिवणाच्या बाई आणि मिस्त्री एकाच शेडमध्ये उभे राहतील, आणि कोणता भाग मुलांचा, कोणता मुलींचा हे ठरवणं कोणालाच जमणार नाही. पाण्यात उतरवायच्या दिवशी पोहता येणारी मोठी माणसं आणि एक यांत्रिक होडी सोबत ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी यावर बोलू. नकाशाची एक प्रत आणि पुठ्ठ्याचा कापलेला नमुना मी घेऊन येते आहे. सुई-दोरा कोणीतरी आणा.